गोजरबाईची साक्ष

"एवढंच सांगायचं आक्का, गुरुजींनी अंदाजानं लिव्हलं. बाकी काय बोलायचं न्हाई."

कचेरीच्या पायऱ्या चढताना चिमाजीनं बहिणीला पुन्हा एकदा बजावलं. गोजरबाईनं मान हलवली. सकाळच्या एसटीनं ती घाटघरहून जुन्नरला आली होती, ती भावाच्या या कामासाठीच. पदर नीट डोक्यावर घेऊन ती लेखनिक रामनाथच्या टेबलासमोर बसली.

चिमाजी याच कचेरीत शिपाई. येत्या एकतीस मेला तो कागदोपत्री साठ वर्षांचा होऊन घरी बसणार होता. खरं वय दोन वर्षांनी कमी. शाळेत नाव घालताना ते वाढवून लागलं आणि तसंच पुढं नोकरीला येऊन चिकटलं. रामनाथ त्याचं भलं चिंतणारा माणूस. त्यानं नियम आधीच समजावून सांगितला होता. गुरुजींच्या हातून चूक झाली असेल, तर तारीख दुरुस्त होण्याची थोडीफार आशा. पण घरच्यांनीच जाणूनबुजून वय वाढवून सांगितलं असेल, तर अर्ज गेला केराच्या टोपलीत. गावी घराच्या भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. दोन वर्षांच्या पगारावर चिमाजीनं ते मनातल्या मनात कधीच घालून टाकलं होतं.

रामनाथनं विचारलं, तसं गोजरबाईनं शिकवलेलं वाक्य म्हटलं. पण ते तिच्याच मनाला पटलं नसावं. भावाचं एवढं मोठं काम एवढ्याशा बोलण्यावर कसं व्हायचं? ती पुढं सरकून बसली आणि सांगतच सुटली.

शाळा ओढ्यापलीकडं, मधे सगळं रान. गोजराला शाळेत घालाच म्हणून गुरुजी मागं लागलेले, आणि पोरीला एकटी रानातून धाडायची नाही म्हणून आबा, म्हणजे तिचे वडील, अडून बसलेले. शेवटी तोड निघाली की चार वर्षांच्या चिमालाही तिच्या सोबतीला धाडायचं. पण शाळेत बसवायचं तर पोर सहा वर्षांचं हवं. त्या काळी वाडीत जन्माचे दाखले कुणाकडं होते? उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागला, की झालं पोर सहा वर्षांचं. गोजरबाईनं स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन दाखवलाही.

"ह्याचा हात काय कानाला पोचंना," ती म्हणाली. "मंग गुरुजींनीच ह्याची मान जराशी वाकवली. आबा म्हणले, लिव्हा सहा. तवा कुठं मी शाळंत बसले."

दोन वर्षं ती शाळेत गेली, भावाला कडेवर घेऊन ओढा ओलांडत. मग चिमाला वाडीतल्या पोरांची सोबत झाली आणि आबांनी तिला गुरांमागं लावलं. हेही तिनं कुरकुर न करता सांगितलं.

चिमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. हातातोंडाशी आलेला घास बहिणीनं एका दमात घालवला होता, आणि वर ती समाधानानं त्याच्याकडं बघत होती. त्याला तिचा राग आला. चांगलाच आला. रामनाथनं मात्र त्याला नजरेनंच धीर दिला. ऐकायला तिथं चौथं कुणी नव्हतं, आणि साहेबांपुढं जाणार होता तो नुसता कागद. त्यानं गुरुजींच्या अंदाजाच्या तेवढ्या दोन ओळी लिहिल्या आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. "घ्या मावशी, अंगठा उठवा."

गोजरबाईनं पॅडला हात लावला नाही. कागद जवळ ओढून घेतला, ओळीखाली बोट धरलं आणि ती वाचायला लागली. एकेक अक्षर जोडत, पहिलीतली पोरं लावतात तसा सूर लावून. तो सूर कानावर आला आणि चिमाजीचा राग जागच्या जागी थांबला. चुलीपुढच्या राखेत त्याची पहिली अक्षरं तिनं याच सुरात गिरवून घेतली होती. इतक्या वर्षांत त्याला त्याची आठवणही झाली नव्हती.

वाचून झाल्यावर तिनं मान वर केली. "हे अर्धंच हाय. आबांचं, मान वाकवल्याचं कायबी न्हाई हितं. सगळं लिव्हा, म्हंजे साहेबांना खरं वाटंल."

रामनाथ गडबडला. मावशींना जरा समजावून सांगा, असं तो चिमाजीला हळूच म्हणाला.

सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. भावासाठी तिनं कोऱ्या कागदावरही अंगठा दिला असता. पण मग तिला सांगावं लागलं असतं, की तुला शाळेत बसवायला जे केलं, ती गुरुजींची चूक होती असं लिहून द्यायचंय. चिमाजीला ते बोलवेना.

"ती म्हणती तसं लिव्हा," तो म्हणाला. "सगळं."

रामनाथनं दुसरा कागद घेतला. गोजरबाईनं तोही वाचला, पेन मागून घेतलं आणि खाली आपलं नाव लिहिलं. तेवढ्याला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

एसटी स्टँडकडं चालताना ती खुशीत होती. आता साहेब नक्की ऐकतील, असं म्हणत होती. चिमाजी नुसता हुंकार देत होता. मधेच ती थांबली.

"लई वर्सांनी वाचलं रं चिमा, ते बी लोकांम्होरं. कुठं चुकलं का?"

चिमाजीनं तिच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली.

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "कुठंच चुकलं न्हाई."