नकाराचा तास

‘नाही’ म्हणता येणं यातच माणसाचं निम्मं कल्याण आहे, असं कुंटे सरांनी जीवनकौशल्यांच्या तासाला सांगितलं. सरांना ते कधीच जमलं नव्हतं. म्हणून तर हा तास त्यांच्या गळ्यात पडला होता.

आठवडाभर सराव खाऊ म्हणून पुढे केलेल्या खडूवर झाला. खडूला नाही म्हणणं सातवीला अवघड गेलं नाही. आज मात्र विस्तार अधिकारी तपासणीला आले होते आणि अनोळखी काका झालेल्या सरांच्या हातात खरीखुरी चिक्की होती. समोर उभी होती शलाका, जी स्वतःच्या आधी शेजारणीचा डबा संपवते.

“घे बाळ, खा.”

“नको, काका.”

“अगं, एकच तुकडा!”

शलाकाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. “एकदा सांगितलं ना, नको!”

वर्गाने टाळ्या कुटल्या. खूश झालेल्या अधिकाऱ्यांनी चिक्कीचा अख्खा पुडाच तिच्यापुढे धरला. “शाबास! आता बक्षीस म्हणून घे.”

तिचा हात अर्ध्या वाटेवर गेला. तेवढ्यात सरांना फुटलेला घाम तिला दिसला. म्हणजे परीक्षा अजून चालूच होती.

“नको. तुम्हीपण अनोळखीच आहात.”

अधिकाऱ्यांनी ‘उत्कृष्ट’ असा शेरा लिहिला आणि लिहिता लिहिता पुडा संपवला. त्यांना मधुमेह होता.