दम खाणारी गाडी

"पाय दाबला की निघाली पाहिजे, दादा. ही आधी दम खाते आणि मग निघते," लंबू म्हणाला आणि त्याने बॉनेटवर चापटी मारली.

मेकॅनिकने मान डोलावली. दुखणं ओळखीचं होतं. गाडीला टर्बो मोठा होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने त्याचं चाक फिरायचं, चाक फिरलं की इंजिनात जास्तीची हवा कोंबली जायची, आणि मग गाडी अशी सुटायची की पाठ सीटला चिकटावी. पण ते जड चाक वेग धरेपर्यंत मधे एक क्षण पोकळ जायचा. सरळ रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. घाटातल्या शर्यतीत मात्र प्रत्येक वळणावर तो क्षण नडतो.

"हलका टर्बो बसवू, पाईप बदलू, कॉम्प्युटरची सेटिंग नव्याने करू. वळण संपायच्या आत उडेल."

गाडीत बसताना तो छत्री मिटावी तसा मिटायचा, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. यंदा त्याने नोकरीवर पाणी सोडलं होतं. पहिला येणाऱ्याला एक मोठा संघ करारावर घेणार होता. जागा एकच. दरवर्षी जिंकणारा चॅम्पियन आता उतरणीला लागला होता, आणि लंबू सोडला तर त्याला हरवेल असा कोणी नव्हता.

"घरी काय म्हणतात?" मेकॅनिकने विचारलं.

"घरी सांगतंय कोण! जिंकलो की कळेलच."

जुना टर्बो उतरवून ठेवला त्या दुपारी एक बाई गॅरेजात आली. लिफ्टवर चढवलेल्या गाडीकडे ती मान वर करून बघत राहिली.

"हीच ना ती शर्यतीची गाडी?"

"हो. आपण?"

"मी इथे आले होते हे कोणाला कळायला नको. ह्यांना तर मुळीच नको."

मेकॅनिक काय ते समजला. त्याने स्टूल पुसून पुढे केलं. ती बसली नाही.

"शर्यतीशिवाय ह्यांना दुसरं काही सुचत नाही. झोपेतसुद्धा पाय हलतो, ब्रेक दाबल्यासारखा. दोन मुली आहेत मला. ही गाडी तुम्ही ठरवलीत तशी पळाली, तर माझं घर उठलं म्हणून समजा."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर राहणारी मेकॅनिकची भावजय चहा घेऊन आली. कप ठेवून निमूटपणे वर गेली. बाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती.

"यांचे मिस्टर?"

"माझा धाकटा भाऊ. शर्यतीतच गेला."

"मग मी तुम्हाला वेगळं काय सांगायचं?" ती म्हणाली, आणि चहाला हात न लावता निघून गेली.

मेकॅनिकचं कामात लक्ष लागेना. शेवटी तो वर गेला आणि भावजयीला सगळं सांगून मोकळा झाला. "पण ही गिऱ्हाइकाशी बेइमानी होईल," तो म्हणाला.

भावजय कपडे घडी करत होती. तिचे हात थांबले.

"भाऊजी, तेव्हा मीही कोणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायला हवं होतं. मला सुचलं नाही. हिला सुचलंय."

हलका टर्बो खोक्यातच राहिला. मेकॅनिकने जुनाच साफसूफ करून परत चढवला आणि कॉम्प्युटरमध्ये ॲक्सिलरेटर तेवढा तिखट करून ठेवला. नुसता अंगठा टेकवला तरी गाडी उसळायची. गावातल्या रस्त्यावर चालवणाऱ्याला वाटावं, काय चपळ झालीय! खरा जोर मागितला की मात्र ती पहिल्यासारखाच दम खाणार होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने गाडी ताब्यात दिली. लंबू एक चक्कर मारून आला आणि त्याला मिठीच मारली. "सोनं केलंत, दादा!" मेकॅनिकला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शर्यतीला भावजयही आली. भाऊ गेल्यापासून ती अशा ठिकाणी फिरकली नव्हती. एकेक गाडी एकटी घाट चढत होती, वर घड्याळ लावलेलं होतं. लंबू तिसरा आला. तो गाडीतून धडधाकट उतरताना दिसला, तेव्हा मेकॅनिकने रोखून धरलेला श्वास सोडला.

लंबू हेल्मेट काखेत धरून आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"वळणातून निघताना मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं होत होतं, दादा. माझंच चुकलं असणार. तुमच्या हातात खोट नाही, ते मला माहीत आहे." त्याने खाली बघितलं. "गाडी विकून टाकतो. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

मेकॅनिकच्या जिभेवर शब्द आले होते. ते त्याने गिळले.

"सुखरूप आलात," भावजय म्हणाली. "माणूस घरी येतं, तेच मोठं."

मग गर्दी बाजूला झाली. चॅम्पियन करंडक घेऊन त्यांच्याकडेच येत होता. तो दिलदार म्हणून प्रसिद्ध होता. त्याने लंबूची पाठ थोपटली आणि मेकॅनिकचा हात हातात घेतला.

"तुम्ही ह्याच्या गाडीला हात लावलाय म्हटल्यावर आमच्या घरी सुतक पसरलं होतं बघा! थांबा, ओळख करून देतो. अगं, इकडे ये. ही आमची मिसेस."

दोन्ही हातांनी दोन मुलींना धरून ती पुढे आली. तिने मेकॅनिककडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, मुलींचे हात सोडले आणि नमस्कार केला.

"तुमच्याबद्दल खूप ऐकलं होतं," ती म्हणाली. "भेटायचा योग मात्र आज पहिल्यांदाच आला."