पैजेचा घास

"तुझ्या अब्बांनी मनखूलवर पैज लावलीय," राजाभाऊ म्हणाले, आणि रेहानच्या बुटाची नाडी हातातल्या हातात राहिली.

"कुणी? अब्बांनी?"

"आज सकाळी फोन आला. मी दात घासत होतो. म्हणाला, राजाभाऊ, फायनल मनखूलच मारणार. बोल, लावतोस?"

रेहानला हसावं की रडावं कळेना. त्याचे अब्बा, जहूर मुकादम, म्हणजे पत्त्यांच्या डावाशेजारीही न बसणारा माणूस. त्यातून मनखूल बॉइजचं नाव निघालं की थुंकायचा तेवढा बाकी राहायचा. तरुणपणी तोही याच फुटबॉल स्पर्धेत खेळायचा. तेव्हा मनखूलच्या एका बॅकने त्याचा गुडघा कायमचा कामातून घालवला होता आणि वर 'वेल्डरने वेल्डिंग करावं' म्हणून सगळी टीम हसली होती. तो गुडघा जिना चढताना अजून कुरकुरायचा. यंदाही कप मनखूलच नेणार, असं शेंबडं पोरही सांगत होतं. पण म्हणून जहूरने त्यांच्यावर पैज लावावी? तीही पोटच्या पोराविरुद्ध?

कारण रेहानला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने आखातातल्या मुसफ्फा गावातलं बापाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप सोडून रास अल खैमाला सिरॅमिकच्या फॅक्टरीत नोकरी धरली होती, कारण त्या फॅक्टरीची फुटबॉल टीम होती. बाप म्हणाला, "बॉलला लाथा मारून पोट भरतं काय?" पोरगा म्हणाला, "उपाशी मरेन, पण तुमच्या घरचा घास घेणार नाही." खाण तशी माती. ईदला यायचा, अम्मीला, जुलेखाला, सलाम करायचा आणि शिरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून निघायचा. जुलेखा ओढणीने डोळे पुसायची, आणि दोघे मर्द आपापला ताठा सांभाळत बसायचे.

राजाभाऊ पुण्याचे. टीमचे मॅनेजर आणि जहूरचे जुने दोस्त.

"पैशाची पैज नाही हं. पैसा हराम," ते म्हणाले. "मनखूल जिंकलं तर त्याच्या अख्ख्या वर्कशॉपला मी पुरणपोळ्या घालायच्या. आपण जिंकलो, तर तो आपल्या टीमला स्वतःच्या हातची बिर्याणी वाढणार. पण तू जेवणार का? नाहीतर आत्ताच फोन करून सांगतो त्याला, कॅन्सल, खलास."

रेहानचे कान तापले. "का नाही जेवणार? पैजेचं जेवण ते, घरचं थोडंच आहे? वाढू देत सगळ्यांसमोर. मी मागून मागून खाईन."

"यल्ला मग, नाडी बांध," राजाभाऊ म्हणाले.

मैदान मुसफ्फातच, जहूरच्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्यांवर होतं. रेहानने बाहेर येताच नजर फिरवली. मनखूलच्या पिवळ्या शर्टांच्या गर्दीत अब्बा बसले होते. बाह्या वर सारलेल्या, खांद्यावर टॉवेल, तोंड लालबुंद. बघून रेहानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मनखूलने लवकरच गोल केला. पिवळे शर्ट नाचायला लागले. अब्बांनी टॉवेलने मान पुसली. हाफ टाइमला रेहानने पुन्हा पाहिलं, तर खुर्ची रिकामी. कप मनखूलचाच धरून चहाला गेले असणार! एवढी खात्री? रेहानने पाण्याची बाटली भिरकावून दिली आणि मैदानात उतरला.

मग तो असा खेळला, की त्याच्याच टीमची पोरं बघत राहिली. बरोबरीचा गोल त्याने डोक्याने मारला. शेवटी शेवटी बॉल घेऊन घुसला, तेव्हा मनखूलचा बॅक थेट त्याच्या गुडघ्याच्या रोखाने घसरत आला. रेहानने बॉल त्याच्या पायांवरून अलगद उचलला, स्वतःही उडी मारून पलीकडे गेला आणि बॉल जाळीत ठेवून दिला.

जल्लोष करायला तो आपल्या लोकांकडे गेलाच नाही. सरळ पिवळ्या शर्टांसमोर धावला, पाठ वळवली आणि पाठीवरच्या नावावर अंगठा रोखला: मुकादम. छाती अशी फुगली होती की शर्ट उसवावा. मान वळवून त्याने पाहिलं. अब्बा परत खुर्चीत येऊन बसले होते आणि त्यांनी टॉवेलमध्ये तोंड खुपसलं होतं. बरी जिरली, रेहान मनात म्हणाला.

कप हातात आला, फोटो झाले. "चला," राजाभाऊ म्हणाले. "जहूरचा निरोप आहे. उद्याचा वायदा नको, पैज आजच फेडतो."

"हॉटेलातून मागवली असेल," रेहान म्हणाला.

पण वर्कशॉपच्या अंगणात विटांवर मोठी देग होती. पोरं सतरंजीवर बसली. झाकणाभोवतीची कणीक वाळून कडक झाली होती. जहूरने कामाची छिन्नी घेऊन ती फोडली. वाफ उसळली तशी सगळी टीम ओरडली. पहिलं ताट त्याने रेहानपुढे ठेवलं. बिर्याणीत बटाटा नव्हता. रेहानला बटाटा लहानपणापासून आवडत नसे.

रेहानने घास घेतला. दोन वर्षांत असं जेवण त्याच्या पोटात गेलं नव्हतं.

"मनखूल हरलं, अब्बा," तो म्हणाला.

"हरणारच. नालायक आहेत पहिल्यापासून," जहूर म्हणाला आणि त्याच्या ताटात आणखी मटण वाढलं.

रेहानने आपला शब्द पाळला. ताट पुन्हा पुढे केलं.

"सकाळी पैज लावली, संध्याकाळी फेडलीसुद्धा. मानलं, हबीबी!" राजाभाऊ बोटं चाटत म्हणाले. "आणि वहिनी, मटण काय मुरलंय!"

"मुरणार नाही तर काय?" पाण्याचा जग घेऊन आलेली जुलेखा म्हणाली. "काल रात्रीच मसाला लावून ठेवला यांनी. मला हातसुद्धा लावू दिला नाही."