शिवेवरचा वाघ

वाघबारशीला ढाकली वारलीण शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावायला आणि कोंबडा द्यायला निघाली, तेव्हा पाड्यातलं दुसरं कुणीच उठलं नाही.

"आये, आता कशाला?" तिचा मुलगा नवशा हसला. "वाघाच्या गळ्यात यंत्राचा पट्टा आहे. शीव आली की पट्टाच त्याच्या डोक्यात सांगतो, फिर मागं. तुझ्या कोंबड्याचं काय काम?"

"मग कोंबडा मीच खाईन," ती फणकारली आणि एकटीच गेली.

पूर्वी या दिवशी सगळा पाडा इथे जमायचा. भांडलेलेही शेजारी शेजारी बसायचे, कारण वाघाची भीती सगळ्यांना सारखीच होती. पाड्याने पट्ट्याला होकार दिला, तेव्हा भीतीबरोबर हे जमणंही जाईल हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

दगडाला शेंदूर लावून तिने मान वर केली, तर शिवेपलीकडच्या कारवीच्या झुडपांत खरा वाघ उभा होता. त्याने पाऊल उचललं, त्याचं अंग शहारलं आणि दावं ओढलेल्या बैलासारखा तो मागे वळला.

जन्मभर ढाकलीने वाघोबाकडे एकच मागणं मागितलं होतं, की आमच्या पाड्यात येऊ नको.

वाघ कारवीत दिसेनासा होत होता. तिने हात जोडले.

"ये रे बाबा," ती म्हणाली.