कोंबड्यांचं माहेर

"रोग नाही काही," गुरांच्या डॉक्टरांनी कोंबडी शेवंतीच्या हातात परत दिली. "भेदरल्यात त्या. भेदरलेली कोंबडी अंडी कमीच देते. घरी नवीन कुत्रा आलाय का?"

"कुत्रा नाही," ती म्हणाली. बोटीवरची नोकरी सुटून नवरा कायमचा घरी आला, तेव्हापासून अंडी कमी झाली होती. एवढ्यात परसात खुराड्याच्या पत्र्यावर काठी आदळली, मागोमाग त्याची शिवी. कोंबडीच्या आधी शेवंतीच दचकली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "काही दिवस दुसरीकडे हलवा," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी पाचही कोंबड्या डालग्यात घालून ती माहेरी गेली. तिथेही फाटक वाजलं, की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. दोन आठवड्यांनी एका सकाळी तिला उशिरा जाग आली. ऊन अंगणभर पसरलं होतं आणि पेंढ्यात एक कोमट अंडं होतं.

"लागल्या की घालायला!" आई म्हणाली. "आता नेशील ना परत?"

शेवंतीने अंडं दोन्ही हातांत धरलं. "नको गं आई. रुळल्यात इथं. परत नेलं, की पुन्हा भेदरतील."