वरची जमीन, खालची जमीन

"काकी, वरची जमीन तुमचीच. खालचं खनिज तेवढं सरकारचं, आणि सरकारनं ते आमच्या शेटना दिलंय." डिचोलीहून आलेला कारकून माझ्याच काजूच्या बागेत उभा राहून मला पोर्तुगीजांचा कायदा शिकवत होता.

"म्हणजे साल माझी, गरे तुझ्या शेटचे. बरा फणस वाटून घेतलात." त्याचे गडीसुद्धा हसले.

तोही हसला आणि वाकून त्यानं एक काळा धोंडा उचलला. "लोखंड आहे ह्यात. खाण शोधणाऱ्या सायबानं ह्या धोंड्यावरूनच जागा ठरवली. खाणीचं तोंड इथंच."

सव्वा महिन्याची माझी लेक गेली, तेव्हा तान्ह्या पोरांच्या रीतीप्रमाणे तिला इथं पुरलं होतं. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून उतारावरचा सगळ्यांत जड धोंडा हुडकून मीच तिच्यावर ठेवला होता.

"धोंडा खाली ठेव," म्हणत मी त्या जागेवर बसले. "खाली माझी लेक आहे. तुझ्या कायद्यात बघ, आणि ती कुणाची ते सांग."

दोन्ही हातांनी त्यानं धोंडा माझ्याजवळ ठेवला. मग गड्यांना खूण केली, आणि त्यांनी खाणीच्या खुणेची खुंटी दोन हात पलीकडे ठोकली.