पेल्यावरची दोन अक्षरं

"कुणाला पटायचं न्हाई," भुजंगनं आधीच सांगून टाकलं. "माझ्या बायकोला पटलं न्हाई, अन् तिला माझं सगळं पटतंय."

चर्चमध्ये सतरंजीवर बसलेले पंच हसले नाहीत. भुजंग हा जालन्याच्या भांडेबाजारात भांड्यांवर नावं घालणारा. राजूरच्या चतुर्थीला त्यानं म्हणे तांदळाच्या दाण्यावर अख्खा सातबारा कोरला होता. दाखवा म्हटलं, तर दाणा चिमणीनं खाल्ला. असल्या माणसाच्या जिभेला आज देवानंदचं छप्पर टांगलेलं होतं.

देवानंद चर्चचा राखणदार. प्रभुभोजनाच्या विधीत मंडळी ज्यातून घोट घेतात, तो चांदीचा पेला त्याच्याच किल्लीखाली. त्या पेल्यावर आय-एच-एस अशी तीन अक्षरं मिशनच्या काळापासून होती. यंदाच्या, म्हणजे सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पेला पुसताना त्यांच्याखाली आणखी दोन सापडली. मराठी, ताजी : ‘रुन’. शिरोरेघेच्या वर एक जादा रेघ. अर्थ कुणालाच लागेना. पवित्र भांडं बाटवलं म्हणून मुख्य पंच तातेरावांनी देवानंदला खोली खाली करायला सांगितलं. त्याची ट्रंक ओट्यावर येऊन पडली होती. शपथा घेऊन घेऊन त्याचा घसा बसला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, हे कोरीव काम भुजंगच्या हातचं आहे, त्यालाच विचारा.

"पेला कोण घेऊन आल्तं?" तातेरावांनी विचारलं.

"एक उंच माणूस. पांढरे कपडे, अन् भर उन्हात सावली न्हाई. पेला ठेवला अन् गुमान उभा राह्यला. म्या म्हणलं, बाबा, सकाळपासून लाइट न्हाई, मशीन बंद हाय. तर मशीनच गुणगुणायला लागली की! प्लग बाहेर लोंबून राह्यला अन् सुई लिहून राह्यली. मी आपला हात खिशात घालून बसलो. मंग तो पेला उचलून भिंतीतून बराबर पल्याड गेला. पल्याड निजामोद्दीनचं गाद्यांचं दुकान. त्यानं हाक मारली, भुजंगभाई, अभी इधर से कौन गया?"

आता सगळे हसणार म्हणून देवानंदनं डोळे मिटले. कुणी हसलं नाही. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, मात्र पेला हातात फिरवत होते.

"आय-एच-एस ही येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं," ते हळू म्हणाले. "जुने लेखनिक पवित्र नाव पूर्ण लिहीत नसत. दोन-तीन अक्षरं, आणि वर आडवी रेघ. जागा वाचवायला नव्हे, आदर म्हणून. हे मी एकदाच, महिला मंडळात सांगितलंय. तशीच रेघ इथं आहे. ती भुजंगला कुठून ठाऊक असणार?"

तातेरावांचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीसारखा ताठ तो माणूस गुडघ्यांवर आला. पेला दोन्ही हातांत घेऊन त्यांनी त्या दोन अक्षरांवर ओठ टेकवले. बराच वेळ काढले नाहीत.

"देवानंद," ते उठून म्हणाले, "ट्रंक आत घे."

देवानंदला भुजंगचे पाय धरावेसे वाटले. तेवढ्यात मागून उषाबाई उठली. तातेरावांची बायको. पंचांपुढे तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. आजही या बाईनं गप बसावं, एवढंच देवानंदचं मागणं होतं.

"बिलकुल खोटं हाय," ती म्हणाली. "भुजंगभाऊ, मला शब्द दिल्ता म्हणून रचलं तुम्ही, पण आता बास. लाइट होती. माणूस बी न्हाई, बाई होती. देवानंद जेवायला गेल्ता तव्हा पेला म्याच नेला, अन् म्याच आणून ठेवला."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"आपल्या रुबेननं परजातीची बायको केली, तर ह्या पेल्यातला घोट तुम्ही त्याला मरेपर्यंत घेऊ दिला न्हाई. घरात त्याचं नाव काढायची बंदी. पूर्ण नाव घालायची छाती झाली न्हाई माझी, पहिलं अन् शेवटचं अक्षर घातलं. तो मेला तव्हा तुम्ही तोंड बघाया आला न्हाईत. आज मुका घेतला."